आत्मक्षमा आणि मनाचे आरोग्य

क्षमा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दोन माणसे उभी राहतात. एक अपराध करणारा आणि दुसरा तो अपराध पोटात घालणारा. आपल्या मराठीतील 'पोटात घालणे' हा वाक्प्रचारच तसा आहे. परंतु ज्या वेळी अपराध करणारा आणि तो पोटात घालणारा हे दोघे एकच असतात, त्या वेळी काय करायचे? दुसऱ्याचा अपराध पोटात घातला तर तो पचतो. स्वतःचा अपराध मात्र पोटात घातला की पुष्कळदा तेथेच राहतो आणि आतून पोखरतो. झोप जाते, जेवण जात नाही, माणसांत बसवत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की अमका हल्ली फार गप्प असतो.

हा प्रश्न पुस्तकी नाही. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने आपल्या वस्त्यावस्त्यांतून माणसे नेली. त्या घरांतून आजही जाऊन बसा. 'दोन दिवस आधीच का नेले नाही', 'त्याच दवाखान्यात का नेले', 'शेवटचे तोंडसुद्धा पाहिले नाही', ही वाक्ये ऐकायला मिळतील. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. मयत खातेदाराच्या ठेवीसाठी अर्ज करायला येणारी माणसे फॉर्म भरता भरता, कोणी विचारलेले नसताना, सांगू लागतात की साहेब, मी त्या दिवशी गावाला गेलो नसतो तर. फॉर्ममध्ये या वाक्यासाठी रकाना नसतो. शिकून शहरात आलेला पहिल्या पिढीतील मुलगा, ज्याचे आई-वडील गावच्या घरात एकटेच गेले, तो हे ओझे वीस-वीस वर्षे वाहतो. दारू सुटलेला बाप मुलांच्या नजरेला नजर देत नाही. घरात कोणी आत्महत्या केली असेल तर मागे राहिलेल्यांची स्थिती सांगायलाच नको.

अशा वेळी आपण त्यांना काय म्हणतो? 'जाऊ द्या, विसरा आता'. हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी तो निरुपयोगी आहे, असे आम्हास वाटते. विसरणे माणसाच्या हाती नसते. शिवाय काही गोष्टी विसरण्यासारख्या नसतातच. म्हणून विसरणे आणि क्षमा करणे या दोन गोष्टींची प्रथम फारकत केली पाहिजे.

आधुनिक मानसशास्त्राने या विषयाकडे तसे उशिराच लक्ष दिले. दुसऱ्याला क्षमा करण्याविषयी अभ्यास पुष्कळ झाले. पण 2005 साली ज्युली हॉल आणि फ्रँक फिंचम या दोन अभ्यासकांनी आत्मक्षमेवर लेख लिहिला, तेव्हा तिला क्षमेच्या संशोधनातील सावत्र अपत्य ठरवावे लागले, इतकी ती दुर्लक्षित होती. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र अपराधीपणा हे जुनेच लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात नैराश्याच्या, म्हणजे ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो त्याच्या लक्षणांत, सतत उदास वाटणे, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे यांच्या जोडीला अपराधीपणाची भावना आणि आपण कवडीमोल आहोत ही भावना यांचाही समावेश आहे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कधी अपराधीपणामुळे माणूस नैराश्याकडे जातो, तर कधी नैराश्याचा आजार आधी जडतो आणि तोच माणसाला नसलेले अपराध दाखवू लागतो. दुसऱ्या प्रकारात धम्मोपदेश कितीही केला तरी पुरत नाही. तेथे औषधोपचार लागतो.

जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक भेद दाखवून दिला आहे. 'मी वाईट केले' असे वाटणे वेगळे आणि 'मी वाईट आहे' असे वाटणे वेगळे. पहिले माणसाला चूक दुरुस्त करण्याकडे नेते. दुसरे त्याला तोंड लपवायला लावते, आणि नैराश्याशी अधिक घट्ट नाते आहे ते या दुसऱ्याचे. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचाही रोख हाच आहे. कृतीला नावे ठेवा, माणसाला समूळ नावे ठेवू नका.

आता आपल्या पालि वाङ्मयाकडे वळू. या भेदासाठी तेथे अगोदरच वेगवेगळे शब्द आहेत, हे पाहून आश्चर्य वाटते. हिरी म्हणजे वाईट करण्याची लाज, आणि ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांचे भय. या दोहोंना अंगुत्तर निकायात जगाचे रक्षण करणारे धम्म म्हटले आहे. त्या नसतील तर माणूस आणि पशू यांत अंतर राहणार नाही. म्हणजे लाज वाटणे हे चांगलेच आहे. परंतु कुक्कुच्च हा शब्द पाहा. केलेल्या वाईटाची आणि न केलेल्या चांगल्याची मनात चाललेली जी सततची घालमेल, ते कुक्कुच्च. ते पाच नीवरणांमध्ये, म्हणजे मनाच्या अडथळ्यांमध्ये, उद्धच्च म्हणजे चंचलतेच्या जोडीने मोजले आहे. संगारव सुत्तात भगवंतांनी या नीवरणांना पाण्याच्या भांड्याची उपमा दिली. कामवासना म्हणजे रंग मिसळलेले पाणी, द्वेष म्हणजे उकळते पाणी, आणि उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे वाऱ्याने हेलकावणारे पाणी. अशा पाण्यात माणसाला स्वतःचा चेहरा आहे तसा दिसत नाही. पश्चात्तापाने पोळलेला माणूस स्वतःविषयी जे जे बोलतो, ते ते या हलत्या पाण्यात पाहून बोलतो.

तेव्हा लाज हवी, घालमेल नको, असा हा हिशोब आहे. पण लाजेपासून घालमेलीपर्यंत न घसरता कसे राहायचे?

दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात याचे एक उत्तर आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याने राज्यासाठी आपला पिता बिंबिसार यास मारले. अट्ठकथा सांगते की त्यानंतर त्याची झोप उडाली. कोमुदी पौर्णिमेच्या चांदण्या रात्री तो प्रासादावर बसला आणि मनाला शांती देईल अशा कोणा श्रमण-ब्राह्मणाकडे आज जावे, असे त्याने अमात्यांना विचारले. एकेकाने एकेक नाव सुचविले. शेवटी जीवक बोलला आणि त्याने राजास आपल्या आम्रवनात भगवंतांकडे नेले. जीवक हा वैद्य होता, हे विसरू नये. झोप उडालेल्या माणसाला योग्य ठिकाणी नेणारा वैद्यच निघाला!

उपदेश ऐकल्यावर राजाने आपला अपराध उघड सांगितला. भगवंतांनी काय केले? 'तुझे पाप धुतले गेले' असे ते म्हणाले नाहीत, आणि 'तू पितृघातकी, दूर हो' असेही म्हणाले नाहीत. अपराधाला अपराध म्हणून पाहणे, तो कबूल करणे आणि पुढे संयम पाळणे यात वाढ आहे, असे सांगून त्यांनी ती कबुली स्वीकारली. राजा निघून गेल्यावर मात्र त्यांनी भिक्खूंना सांगितले की या राजाने पित्यास मारले नसते तर याच आसनावर त्याला धम्मदृष्टी लाभली असती. कबुली स्वीकारली गेली, पण केलेले कर्म पुसले गेले नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तथागत हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, असे जे आवर्जून सांगितले, त्याचा अर्थ येथे चांगला उलगडतो. आपल्याकडे पापक्षालनाचा दाखला देणारी खिडकी नाही. म्हणूनच स्वतःला क्षमा करायला शिकणे ही आपल्या उपासकांची अधिक गरज आहे, असे आमचे मत आहे.

आमच्या धंद्यातील एक गोष्ट येथे आठवते. आज सर्व कामकाज संगणकावर चालते, पण लेजर हाताने लिहीत त्या काळी एक कडक नियम होता. चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नाही, ब्लेडने खरवडायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची. खरवडलेले पान तपासनीस पहिल्यांदा पकडतो. आणखी एक प्रकार असतो. हिशोबातील जो फरक सापडत नाही तो उचंत खात्यात टाकून ठेवतात. ते तात्पुरते असते. पण कोणी मागे लागून ते निकालात काढले नाही, तर ती रक्कम वर्षानुवर्षे तेथेच पडून राहते आणि दर ताळेबंदाला नव्याने त्रास देते. पुष्कळांच्या मनात असे एक उचंत खाते असते. आपला नक्की अपराध कोणता, किती, हे त्यांनी कधी बसून पाहिलेलेच नसते. नुसताच एक फरक पुढे ओढलेला असतो.

हा फरक बसून पाहिला तर पुष्कळदा असे आढळते की त्यातील बराचसा भाग आपला नव्हताच. पटाचारेची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. धम्मपदाच्या व थेरीगाथेच्या अट्ठकथांत ती विस्ताराने येते. सावत्थीच्या श्रेष्ठीची ही कन्या घरच्या नोकराबरोबर पळून गेली. दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली असता वाटेतच वादळी पावसात प्रसूत झाली. नवरा आडोशासाठी फांद्या तोडायला गेला, त्याला साप चावला. सकाळी त्याचे प्रेत दिसले. पुढे नदीला पाणी आलेले. दोन्ही मुलांना एकदम नेण्याची अंगात शक्ती नव्हती. म्हणून मोठ्याला अलीकडे ठेवून ती तान्ह्याला घेऊन पलीकडे गेली, त्याला पाल्यावर निजविले आणि मोठ्यासाठी परत फिरली. ती मध्यधारेत असताना एका ससाण्याने तान्ह्यावर झडप घातली. तिने दोन्ही हात वर करून ओरडून त्याला हाकलण्याचा प्रयत्न केला. ते हात पाहून, तो आवाज ऐकून, काठावरच्या मोठ्याला वाटले की आई बोलावते आहे. तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला. माहेरच्या वाटेवर तिला कळले की त्याच रात्री घर कोसळून आई, वडील आणि भाऊ तिन्ही गेले. तिचे भान सुटले. अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध उरली नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले.

या कथेत ज्या आईने मुलाला वाचविण्यासाठी हात वर केले, तेच हात दुसऱ्या मुलाला पाण्यात ओढून गेले. कोणत्याही आईने यासाठी स्वतःला जन्मभर दोष दिला असता. 'मी ओरडले नसते तर', 'मी घर सोडलेच नसते तर'. पण तिचा अपराध कोणता? ती जेतवनात आली तेव्हा तेथील लोक तिला अडवू लागले. भगवंतांनी अडवू दिले नाही. त्यांनी तिला 'भगिनी' अशी हाक मारली आणि भानावर ये, म्हटले. कोणीतरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. दोषाची चौकशी झाली नाही, जातीबाहेर लग्न केल्याचा जाब विचारला गेला नाही. आधी वस्त्र, मग शब्द. शोकग्रस्ताला भेटायला जाणाऱ्या आपण सर्वांनी हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे ती भिक्खुणी झाली, विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्र ठरली. पाय धुताना ओतलेले पाणी एकदा जवळच जिरले, एकदा थोडे पुढे गेले, एकदा आणखी पुढे गेले. त्यावरून कोणी बालपणी, कोणी तरुणपणी, कोणी म्हातारपणी जातो, हे तिने पाहिले. थेरीगाथेत पुत्रशोकाने खचलेल्या अनेक स्त्रियांना तिने सावरल्याचे उल्लेख आहेत. ज्या आईची दोन्ही मुले गेली, तिच्याकडे मुले गेलेल्या आया येत होत्या. तिने काही विसरले असेल असे आम्हास वाटत नाही.

येथे आपल्या समाजाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. न केलेल्या अपराधाची शिक्षा मनाला कशी देता येते, हे आपल्या पूर्वजांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. तुमचे दारिद्र्य, तुमची अस्पृश्यता ही तुमच्याच पूर्वजन्मीच्या पापांची फळे, असे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. ज्याने अन्याय केला तो निर्धास्त झोपला आणि ज्याने सोसला तो स्वतःलाच पापी समजत राहिला. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त धम्माच्या मांडणीतून ठामपणे नाकारला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो माणसांच्या मनावरचे हे लादलेले ओझे उतरविले. आम्ही त्या घटनेकडे मनाच्या आरोग्याच्या दृष्टीनेही पाहतो. एवढे होऊनही आपल्या घरांतून अजून कानावर येते की मूल अपंग जन्मले, कोणत्या जन्मीचे भोगतो आहोत कोण जाणे. हे वाक्य त्या मुलाच्या आईसमोर बोलू नये. खरे तर कोठेच बोलू नये.

ज्याने खरोखर अपराध केला आहे त्याचे काय? अंगुलिमालाची गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक आहे, पण तिचा उत्तरार्ध आपण सांगत नाही. मज्झिम निकायात तो आहे. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेस गेला असता कोणाचा दगड, कोणाची काठी त्याला लागली. डोके फुटून, पात्र मोडून, चीवर फाटून तो परत आला. भगवंतांनी त्याला हे सहन कर, म्हटले. लोकांनी लगेच विसरावे अशी अपेक्षा त्यांनी केली नाही. परंतु त्याच सुत्तात, अडलेल्या बाळंतिणीजवळ जाऊन सत्यवचनाने तिला दिलासा देण्याचे काम त्यांनी याच अंगुलिमालावर सोपविले. 'मी जाणून कोणाचा जीव घेतला नाही' असे म्हणणे त्याला खोटे वाटले. तेव्हा 'आर्यजन्म घेतल्यापासून' हे शब्द जोडून त्याला बोलायला लावले. म्हणजे मागचे झाकायचे नाही आणि पुढचे अडवायचे नाही. सम्राट अशोकानेही हेच केले. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख उचलून नेले गेले, हे आकडे त्याने स्वतःच आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचार, वनौषधींची लागवड, विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख आहे.

संयुत्त निकायातील संख सुत्तात याचा क्रमच सांगितला आहे. माणसाने म्हणावे, मी हे केले, ते चांगले केले नाही. पण नुसता पश्चात्ताप करीत राहून ते केलेले न केलेले होणार नाही. असे जाणून त्याने ते कर्म सोडावे, पुढे न करण्याचा निश्चय करावा, आणि मग शंख वाजविणाऱ्याचा नाद जसा चारी दिशांना सहज पोहोचतो तशी मैत्री सर्वत्र पसरवावी. यात शेवटचा भाग आपण गाळतो. निश्चय करून थांबतो आणि मन पुन्हा मागे वळते. रिकाम्या जागी काहीतरी भरले पाहिजे. लोणफल सुत्तातील उपमा हेच सांगते. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, तोच गंगेत टाकला तर काही होत नाही. खडा तेवढाच. पाणी वाढवायचे आहे. त्याच सुत्तात आणखी एक उदाहरण आहे की अर्ध्या कहापणासाठी गरीब तुरुंगात जातो आणि श्रीमंत शंभरासाठीही जात नाही. बँकेत नोकरी करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही!

मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करावी, असे पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सांगितले आहे. स्वतः, मग प्रिय व आदरणीय व्यक्ती, मग त्रयस्थ, आणि शेवटी वैरी. आमच्या पाहण्यात कित्येक उपासक पहिली पायरी लाजून ओलांडतात. स्वतःसाठी सुख चिंतणे त्यांना स्वार्थ वाटतो. ज्याचा स्वतःवरच राग आहे त्याच्यासाठी तर पहिली पायरी हीच वैऱ्याची पायरी असते. अशा माणसाने, आपल्या जिवलग मित्राकडून हीच चूक झाली असती तर त्याला आपण काय म्हटले असते, ते एका कागदावर लिहावे. मग तेच स्वतःला वाचून दाखवावे. ज्याचे नुकसान केले तो हयात असेल तर त्याच्याकडे जावे, भरपाई करता येत असेल तर करावी. तो क्षमा करील किंवा करणार नाही, तो त्याचा अधिकार. दुसऱ्याची भरपाई न करता स्वतःला परस्पर क्षमा करून मोकळे होणारेही असतात. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

शेवटी व्यवहाराचे थोडे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यांची पाहणी झाली. तीत दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. पोट दुखले तर आपण रांग लावतो, मन दुखले तर लपवतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे धरून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायदा ज्याला गुन्हेगार मानत नाही त्याला शेजाऱ्यांनी तरी का मानावे? दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण नाही, 'मी नसलेलाच बरा' असे शब्द तोंडी येत आहेत, असा कोणी घरात असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलीमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. तेथे मराठीतून बोलता येते, दिवसरात्र केव्हाही, आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवण्यास खडूचा एक तुकडा पुरेल.